शेजारधर्म
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाचा विषय तुमचा तुम्हीच निवडा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मला फार शोधाशोध करावी लागली नाही. आजवर येथे आहार, बचत, बालसंगोपन, वृद्धांची सेवा असे कितीतरी विषय झाले. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो वरवर पाहता सातासमुद्रापलीकडचा आहे. अमेरिकेत आशियाई माणसांविषयी जो द्वेष वेळोवेळी उफाळून येतो आणि त्याची झळ मुलाबाळांना कशी लागते, हा तो विषय.

"आपल्याला काय त्याचे?" असे मात्र कोणी म्हणू नये. ज्यांचे कोणीच परदेशी नाही अशा भगिनी या सभेत किती निघतील? कोणाचा मुलगा तेथे आहे, कोणाची लेक, कोणाची भाची. लेकीच्या बाळंतपणासाठी आपण जातो, सहा महिने राहतो आणि परत आल्यावर मुलांच्या नोकऱ्या, घरे, मोटारी यांच्या गोष्टी चवीने सांगतो. नातवंडाला शाळेत काय ऐकून घ्यावे लागले, ही गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. आज ती सांगावी असे मला वाटते.

आधी 'आशियाई' या शब्दाविषयी थोडे. येथे असताना आपण स्वतःला आशियाई म्हणवून घेत नाही. आपण मराठी, फार तर भारतीय. तीच गोष्ट चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो माणसांची. परंतु तेथे गेल्यावर सरकारी कागदावर आपण सारे एका नावाखाली येतो. कागदाचे एक असो. द्वेष करणारा माणूस तर कागदही पाहत नाही. त्याला दिसतो तो परका चेहरा. मग तो चेहरा कोणत्या देशाचा, याची चौकशी करण्याचीही त्याला गरज वाटत नाही.

आता माझ्या घरची गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी लेकीकडे न्यू जर्सी राज्यात राहिले होते. नातू सात वर्षांचा. आजी आली म्हणून त्याच्या डब्याचे काम मी हौसेने माझ्याकडे घेतले. एक दिवस मेथीचे थालीपीठ, एक दिवस लसणाची चटणी लावलेली पोळी. तीन दिवस डबा जसाच्या तसा परत आला. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "आजी, उद्यापासून नुसता ब्रेड दे." मी कारण विचारले. वर्गातली दोन मुले नाक धरून बाकावरून उठून जात होती. शेजारी बसणाऱ्या कोरियन मुलीकडे पाहून त्यांतला एक बोटांनी डोळ्यांचे कोपरे ताणून दाखवी. दोघांनाही तो म्हणे, "तुमच्या देशात परत जा." आणि गंमत अशी की, माझा नातू आणि ती मुलगी दोघेही त्याच गावच्या दवाखान्यात जन्मलेली!

भगिनींनो, त्यावर मी काय म्हणाले ते सांगते. मी म्हणाले, "लक्ष देऊ नकोस बाळा, चार दिवसांनी विसरतील." मला वाटले, मी त्याला धीर दिला. पण त्यानंतर तो माझ्याशी त्या विषयावर एक अक्षर बोलला नाही. रात्री लेकीने त्याला जवळ घेतले आणि फक्त विचारले, "आणखी काय झाले?" तेव्हा हळूहळू सारे बाहेर आले. हे दोन महिने चालले होते. माझ्या समजुतीच्या शब्दाने मी त्याचे तोंड बंद केले होते आणि तिच्या एका प्रश्नाने ते उघडले. या प्रसंगापासून मी या विषयावर वाचू लागले. जे वाचले त्यातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आणि तीच आज तुमच्यापुढे ठेवायची आहे. अन्याय झाला की आपण कायद्याची वाट पाहतो. कायदा हवाच, पण तो फार उशिरा येतो. मूल तोवर मोठे होऊन जाते. वेळेवर येऊ शकतो तो शेजारी.

ही माझी पोकळ कल्पना नव्हे. इतिहास काय सांगतो ते पाहा.

अमेरिकेचा पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा जोडणारी रेल्वे १८६९ साली पुरी झाली. तिच्या पश्चिमेकडील भागात डोंगर फोडण्याचे जीवघेणे काम हजारो चिनी मजुरांनी केले होते. रेल्वे झाली, मजुरीची चणचण पडली आणि हेच चिनी लोक डोळ्यांत सलू लागले. १८७५ च्या पेज कायद्याने, प्रत्यक्षात, चिनी स्त्रियांना तेथे येणे जवळजवळ अशक्य झाले. म्हणजे पहिला घाव कुटुंबावर बसला. १८८२ साली चिनी मजुरांच्या येण्यावरच बंदी घालणारा कायदा झाला. तो १९४३ पर्यंत राहिला.

त्या काळात सॅन फ्रान्सिस्को शहरात मेरी टेप नावाची एक चिनी बाई राहत होती. ती लहानपणीच चीनमधून आलेली, इंग्रजी वळणात वाढलेली. तिची मुलगी मेमी आठ वर्षांची झाली, तेव्हा १८८४ साली आईबाप तिला घराजवळच्या शाळेत घेऊन गेले. मुख्याध्यापिकेने मुलीला आत घेतले नाही. कारण एकच, मुलगी चिनी वंशाची. टेप पतिपत्नी कोर्टात गेली आणि १८८५ साली राज्याच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत जिंकली. सगळ्यांना वाटले, झाले काम. परंतु निकालाची शाई वाळते न वाळते तोच विधिमंडळाने चिनी वंशाच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा काढण्याची सोय करणारा कायदा केला आणि मेमीला त्या वेगळ्या शाळेतच जावे लागले. तेव्हा मेरी टेपने शाळामंडळाला एक पत्र लिहिले. ते वर्तमानपत्रात छापून आले. तिचे इंग्रजी काही फार शुद्ध नव्हते, पण तिचा प्रश्न सरळ होता: चिनी म्हणून जन्माला येणे हे लाजिरवाणे आहे काय? आणि माझ्या मुलांना शाळेबाहेर ठेवण्याचा तुम्हांला काय हक्क आहे? वेगळ्या शाळांची ती तरतूद कॅलिफोर्नियाच्या कायद्यातून निघाली ती १९४७ साली. मधे बासष्ट वर्षे गेली. आठ वर्षांची मेमी तोवर सत्तरीची झाली होती.

आता आपल्याच मातीतल्या एका बाईची गोष्ट. १९१५ साली पेशावरहून वैष्णोदास बगाई हे आपली पत्नी कला आणि तीन मुले यांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला गेले. जवळच्या बर्कली गावात त्यांनी घर विकत घेतले. सामानसुमान भरून, मुलांना घेऊन, कलाबाई नव्या घराच्या दाराशी पोचल्या, तो शेजाऱ्यांनी घराला कुलूप घालून ठेवलेले! हिंदी माणसे आपल्या आळीत नकोत म्हणून. आपल्याच घराच्या उंबऱ्यावरून ते कुटुंब परत फिरले. पुढे १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, हिंदी माणूस 'गोरा' नव्हे, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. थिंद यांच्या वकिलांमध्ये सखाराम गणेश पंडित होते. ज्यांना नागरिकत्व आधीच मिळाले होते त्यांचेही काढून घेण्यास सुरुवात झाली. वैष्णोदासांचे गेले. मालमत्ता राखता येईना, मायदेशी येऊन जाण्यासाठी अमेरिकेचे पारपत्र मिळेना. १९२८ साली त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. कलाबाईंनी परक्या देशात तिन्ही मुलांना वाढवले आणि पुढे तेथे येणाऱ्या कितीतरी हिंदी कुटुंबांना आधार दिला. हिंदी माणसांना नागरिकत्वाची वाट कायद्याने पुन्हा उघडली ती १९४६ साली. आणि ज्या बर्कलीने त्यांच्या घराला कुलूप घातले होते, त्याच गावाने २०२० साली एका रस्त्याला कला बगाई यांचे नाव देण्याचे ठरवले. चांगले झाले. पण त्या दिवशी आळीतल्या एका जरी बाईने पुढे होऊन ते कुलूप काढले असते, तर?

या प्रश्नाचे उत्तर पुढच्या गोष्टीत आहे.

दुसरे महायुद्ध चालू होते. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी एक हुकूम काढला. त्या हुकमाने पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत जावे लागले. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश अमेरिकेतच जन्मलेले, म्हणजे तेथले नागरिक होते. दोन हातांत मावेल तेवढेच सामान घ्यायचे. कित्येक कुटुंबांना आधी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, घोड्यांच्या तबेल्यांत ठेवले. ज्या बायकांनी आयुष्यभर घर झाडूनपुसून लख्ख ठेवले त्यांनी तेथे कसे दिवस काढले असतील, याची कल्पना आपण करू शकतो.

सॅन डिएगो शहराच्या ग्रंथालयात क्लारा ब्रीड नावाची बाई मुलांच्या विभागाचे काम पाहत असे. तिच्याकडे नेहमी पुस्तके न्यायला येणारी कितीतरी जपानी मुले त्या यादीत होती. एप्रिल १९४२ मध्ये ती मुले आगगाडीत बसून निघाली, तेव्हा ही बाई स्टेशनवर गेली. तिने काय केले? भाषण केले नाही, घोषणा दिल्या नाहीत. स्वतःचा पत्ता घातलेली, तिकिटे लावलेली पोस्टकार्डे तिने मुलांच्या हातांत दिली आणि सांगितले, मला लिहा. मुलांनी लिहिले. कोणी पुस्तक मागितले, कोणी साबण, कोणी कापड. युद्ध संपेपर्यंत ती पाठवत राहिली. वाळवंटातल्या छावणीत जाऊन मुलांना भेटूनही आली. शिवाय ग्रंथपालांच्या मासिकात लेख लिहून आपल्या लोकांना तिने या अन्यायाची जाणीव करून दिली. त्या मुलांची अडीचशेच्या आसपास पत्रे तिने जपून ठेवली होती. आज ती लॉस एंजेलिस येथील संग्रहालयात आहेत.

दुसरा माणूस बॉब फ्लेचर. कॅलिफोर्नियातल्या फ्लोरिन या गावाकडचा, शेतीखात्यातला नोकर. त्याच्या ओळखीच्या तीन जपानी कुटुंबांचे द्राक्षमळे होते, सारे मिळून नव्वद एकर. मालक छावणीत गेले की मळे वाळणार, कर्जाचे हप्ते थकणार आणि जमीन जाणार, हे उघड होते. फ्लेचरने नोकरी सोडली आणि तिन्ही मळे स्वतः राबून सांभाळले. गावातल्या लोकांनी नावे ठेवली. कोणीतरी कोठारावर गोळीही झाडली. तो हटला नाही. कर्ज आणि कर वेळेवर भरले. सारा नफा तुम्हीच घ्या, असे मालकांनी सांगितले असतानाही त्याने अर्धाच घेतला आणि उरलेला त्यांच्यासाठी ठेवला. १९४५ साली त्यांतले एक कुटुंब परत आले, तेव्हा फ्लेचरच्या बायकोने त्यांचे घर स्वच्छ करून ठेवले होते. फ्लेचर २०१३ साली, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी वारला.

अमेरिकेच्या सरकारने या अन्यायाची रीतसर माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर द्यायचे ठरवले, ते १९८८ साली. शेहेचाळीस वर्षांनी. छावणीत जन्मलेले मूलही तोवर चाळिशी ओलांडून गेले होते. पण क्लारा ब्रीडचे पोस्टकार्ड त्याच दिवशी हातात होते. कायदा आणि शेजारी यांच्यातला फरक मी म्हणते तो हा.

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. दुर्दैवाने तसे नाही. १९८२ साली डेट्रॉइट शहराजवळ व्हिन्सेंट चिन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला दोघांनी बेसबॉलच्या दांडूने मारले. चारच दिवसांत तो गेला. जपानी मोटारींमुळे तेथल्या कारखान्यांतल्या नोकऱ्या जात होत्या, त्याचा राग. आणि व्हिन्सेंट तर चिनी वंशाचा होता! काही दिवसांवर त्याचे लग्न आले होते. लग्नाला बोलावलेली माणसे त्याच्या अंत्यविधीला आली. मारणाऱ्यांना कोर्टाने तुरुंगात न पाठवता तीन हजार डॉलर दंड करून सोडले. त्याची आई लिली चिन मोडक्यातोडक्या इंग्रजीत गावोगाव बोलत फिरली. चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो असे एरवी एकमेकांपासून दूर असणारे लोक तिच्यामागे एकत्र उभे राहिले. मुलाला न्याय मिळाला नाही, पण आपण सारे एका नावेत आहोत हे त्या लोकांना तिच्यामुळे कळले.

आणि १९८७ साली ही झळ आपल्या कपाळापर्यंत आली. न्यू जर्सीतल्या जर्सी सिटी भागात 'डॉटबस्टर्स' नावाची टोळी निघाली. डॉट म्हणजे ठिपका. आपण कपाळाला लावतो ते कुंकू, ती टिकली हीच त्या टोळीची खूण. हिंदी माणसांना येथून हुसकावून लावू, असे धमकीचे पत्र तिच्या नावाने वर्तमानपत्रात आले. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेन गावात नवरोज मोदी या तीस वर्षांच्या तरुणाला टोळक्याने इतके मारले की त्यात तो गेला. थोड्याच दिवसांत एका हिंदी डॉक्टरलाही मारहाण झाली. नवरोज पारशी होता. म्हणजे येथेही मारणाऱ्याने आपण कोणाला मारतो हे पाहिले नव्हते. ज्या कुंकवाला आपण सौभाग्याचे लेणे म्हणतो ते लावून रस्त्यावर निघायला तेथल्या आपल्या बायका भीत होत्या.

मग २०२० साली कोरोनाची साथ आली आणि दोष चिनी चेहऱ्यांवर आला. ज्यांचा चीनशी संबंध नव्हता असे कोरियन, व्हिएतनामी, फिलिपिनोही त्यात सापडले. मार्च २०२० मध्ये मंजुषा कुलकर्णी, सिंथिया चॉय आणि रसेल जुंग या तिघांनी 'स्टॉप एएपीआय हेट' ही संघटना उभी करून अशा प्रसंगांची नोंद सुरू केली. पहिल्या दोन वर्षांत सुमारे साडेअकरा हजार प्रसंग नोंदले गेले. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश तोंडी छळाचे, म्हणजे शिव्याशाप, टोमणे यांचे होते आणि तक्रारी करणाऱ्यांत पुरुषांपेक्षा बायकाच अधिक होत्या. १६ मार्च २०२१ रोजी अटलांटा भागात एका माणसाने आठ जणांना गोळ्या घालून मारले. त्यांतल्या सहाजणी आशियाई वंशाच्या स्त्रिया होत्या. पोरकी मुले मागे राहिली. दोन महिन्यांनी, २० मे २०२१ रोजी अशा गुन्ह्यांचा तपास लवकर व्हावा म्हणून नवा कायदा झाला. त्याच वर्षी इलिनॉय राज्याने आणि २०२२ च्या जानेवारीत न्यू जर्सीने शाळांमध्ये आशियाई लोकांचा इतिहास शिकवण्याचा कायदा केला. हे सारे उत्तम आहे. पण त्याआधीच ओकलंड शहराच्या चिनी वस्तीत तरुण मंडळी म्हाताऱ्या माणसांना हात धरून बाजारात नेऊ-आणू लागली होती, आणि तो उपक्रम सुरू करणारा तरुण स्वतः आशियाई नव्हता.

२०१७ साली कॅन्सस राज्यातल्या ओलाथा गावी श्रीनिवास कुचिभोटला या आपल्या अभियंत्याचा असाच खून झाला, ते तुम्हांला आठवत असेल. खुन्याला अडवायला इयान ग्रिलट नावाचा गोरा तरुण पुढे धावला आणि त्यालाही गोळी लागली. तो वाचला. ह्यूस्टनच्या हिंदी लोकांनी वर्गणी करून त्याला घर घेण्यासाठी एक लाख डॉलर दिले. सर्वांनाच गोळीसमोर जाता येणार नाही, आणि कोणी तसे मागतही नाही. मग आपल्याला काय करता येईल?

मी तुमच्यासारखीच घरसंसारातली बाई. जे शिकले ते थोडक्यात सांगते.

पहिले, मूल सांगते तेव्हा आधी पुरते ऐकावे. "लक्ष देऊ नकोस" हे वाक्य गिळून टाकावे. "तू सांगितलेस हे बरे केलेस, यात तुझी चूक नाही," एवढे तरी म्हणावे. दुसरे, जे घडले ते तारीखवार लिहून ठेवावे: कोण, कोठे, काय शब्द. माझ्या लेकीने तसे लिहिले, पण एवढ्यावर ती थांबली नाही. ती त्या कोरियन मुलीच्या आईकडे गेली. त्या बाईंनाही मुलीने काहीच सांगितले नव्हते. दोघींनी मिळून एकाच कागदावर सही करून शिक्षिकेला पत्र दिले. एकटीच्या पत्राला तक्रार म्हणतात, दोघींच्या पत्राची दखल घेतात. शिक्षिकेने मुलांना नीट समजावले. काही महिन्यांनी चिडवणाऱ्यांतला एक मुलगा आमच्याकडे येऊन थालीपीठ खाऊन गेला. दुसरा नाही आला. असो.

तिसरे, मुलाला त्याची भाषा, त्याचे नाव, त्याचा डबा यांची लाज वाटू देऊ नये. लाजेने ब्रेड मागणारे मूल उद्या लाजेने आजीशी मराठीत बोलायचे टाळते. चौथे, रस्त्यात, गाडीत कोणाचा अपमान होताना दिसला तर अपमान करणाऱ्याशी हुज्जत घालण्याआधी ज्याचा अपमान झाला त्याच्याजवळ जाऊन उभे राहावे. वेळ विचारावी, पत्ता विचारावा, काहीही बोलावे. तो एकटा नाही हे त्याला आणि समोरच्यालाही कळते. धोका वाटला तर आणखी माणसांना हाक मारावी. आणि सारे शांत झाल्यावर, "तुम्हांला घरी सोडायला येऊ का?" असे विचारावे. हे आपल्याला जमण्यासारखे आहे.

भगिनींनो, येथे माझे भाषण संपायला हवे होते. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून मला या व्यासपीठावरून उतरता येणार नाही.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मणिपूरच्या दोन मुली भाड्याने राहत होत्या. दोघी एका दवाखान्यात परिचारिका. अंगापिंडाने लहान, बोलायला गोड. माझ्याकडून एकदा वाटीभर साखर घेऊन गेल्या. वाटी परत करताना त्यांनी ती रिकामी आणली नाही, त्यांच्याकडचा काळा तांदूळ घालून आणली. आपली रीत त्यांना कोणी सांगितली होती कोण जाणे. कदाचित त्यांचीही तीच रीत असेल. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाची बातमी पसरली, तशी त्यांना जिन्यात, दुकानात लोक त्या रोगाच्या नावाने हाका मारू लागले. त्यांच्या डोळ्यांवरून जो शब्द आपल्याकडे सर्रास वापरतात, तो मी येथे उच्चारत नाही. देशभर ठिकठिकाणी ईशान्येकडच्या लोकांना हे सोसावे लागले. शेवटी केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना पत्र लिहून ते थांबवायला सांगावे लागले. आमच्या इमारतीची सभा झाली. मुलींना जागा सोडायला सांगावे, असे ठरले. मी त्या सभेला हजर होते. माझ्या नातवाला "तुमच्या देशात परत जा" म्हणणाऱ्यांचा मला किती संताप आला होता! आणि त्या सभेत मी पदराशी चाळा करीत गप्प बसले. आठवड्याने मुली गेल्या. ज्या हातांनी त्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या, त्याच हातांनी त्यांनी सामानाच्या पिशव्या उचलल्या. मी दाराआडून पाहिले. दार उघडले नाही.

बर्कलीतल्या कुलपाची गोष्ट मघाशी मी तुम्हांला मोठ्या आवेशाने सांगितली. ती सांगताना मला आमच्या इमारतीचा जिना दिसत होता.

आपल्या देशात हे नवे नाही. १९६२ साली चीनशी युद्ध झाले, तेव्हा येथेच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, बायकामुलांसकट, राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवले होते. २०१४ च्या जानेवारीत अरुणाचल प्रदेशचा निडो तानिया हा कोवळा विद्यार्थी दिल्लीत चिडवाचिडवीतून झालेल्या मारहाणीनंतर मरण पावला. त्यानंतर सरकारने बेझबरुआ समिती नेमली. पुन्हा तेच. समिती आली ती मूल गेल्यावर.

म्हणून या वर्धापनदिनी मंडळापुढे माझी एक साधी सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या वॉर्डात राहणाऱ्या ईशान्येकडच्या मुली, नेपाळी गुरख्यांच्या बायका, ज्यांना आजवर आपण बोलावले नाही अशा साऱ्या शेजारणींना घरोघरी जाऊन बोलवावे. ज्यांच्यात कुंकवाची रीत नाही त्यांना नुसता तिळगूळ द्यावा. नाव विचारावे आणि ते नीट उच्चारायला शिकावे. मुलांची शाळा कोणती, तेथे त्यांना कोणी त्रास देते का, हे विचारावे. दोघी-दोघींनी मिळून अशा एकेका घराची ओळख ठेवावी. यासाठी वर्गणी लागणार नाही आणि ठरावही लागणार नाही.

आपली मुले परमुलखात आहेत. त्यांच्या दाराशी वेळेला एखादी क्लारा ब्रीड उभी राहावी, असे आपल्याला वाटते ना? मग येथे आपल्या दाराशी आलेल्या दुसऱ्यांच्या लेकींसाठी आपणही तसे उभे राहायला हवे. माझ्या फडताळात ती वाटी अजून आहे. पुढच्या वेळी दार उघडण्याचे बळ मला यावे आणि तुम्ही माझ्याबरोबर असाव्यात, एवढेच मागून मी आपली रजा घेते.